धाकट्यांचा थांबा

दातांच्या दवाखान्याच्या वर, लाकडी जिन्याच्या एकोणीस पायऱ्या चढून गेलं की एक पोटमाळा लागतो. तिथं धाकटे बसतात. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर आणि भिंतीवरच्या फळ्यांवरही प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एका डबीत गुलाबी मेण आणि भिंतीवरच्या खणांत दात. पांढऱ्याशुभ्रापासून चहाबाजांच्या पिवळटापर्यंत सोळा छटांचे. नवखा माणूस वर आला की आधी दचकतो, कारण चारी बाजूंनी कुणीतरी आपल्याला हसतंय असं वाटतं. धाकट्यांना मात्र ते सगळे जबडे घरच्यासारखे. पस्तीस वर्षं ते कवळ्या करताहेत आणि गावातले निम्मे म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी जेवतात.

धाकटे हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव विजेच्या बिलावर छापून येतं, पण वीज कंपनीशिवाय ते कुणी वापरत नाही. त्याचं असं आहे, की एक फार मोठे गायक आहेत, इतके मोठे की त्यांना सगळे नुसतं थोरले म्हणतात. हे त्यांची गाणी गातात. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या सभागृहात पाच जणांचा वाद्यवृंद बसतो आणि हे उभं राहून थोरल्यांची बारा गाणी म्हणतात. अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी दुसऱ्या कुणाचं गाणं म्हटलेलं नाही आणि स्वतःचं तर नाहीच नाही. ते थोरले म्हणून हे धाकटे. या नावाचा त्यांना एवढा अभिमान, की कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागं वळूनसुद्धा बघत नाहीत.

आता नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात. आमच्याकडे गिटारचा क्लास चालवणारे एक गृहस्थ आहेत. ते स्वतःची गाणी स्वतः रचतात आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकतात. त्यांनी एकदा भर रस्त्यात धाकट्यांना गाठलं. म्हणाले, "अहो, एवढा आवाज आहे, मग तुमचं स्वतःचं असं काय?"

"माझं स्वतःचं?" धाकटे म्हणाले, "कवळ्या."

वर त्यांनी शांतपणे समजावूनही सांगितलं. "लोकांना थोरले हवेत. थोरले काही दर महिन्याला इथं येऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीनं मी जातो. निरोप्यानं निरोप जसाच्या तसा पोचवायचा, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही."

जसंच्या तसं, हा धाकट्यांचा धर्म. थोरले ज्या अक्षरावर श्वास घेतात त्याच अक्षरावर धाकटे श्वास घेणार. थोरल्यांच्या एका रेकॉर्डवर दुसऱ्या कडव्याच्या आधी बारीकसं खाकरणं ऐकू येतं. धाकटे तिथं खाकरतात, सर्दी असो की नसो. एकदा पडदा पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोकल्याचं औषध आणून दिलं. डॉक्टरीणबाई म्हणजे खालच्या दवाखान्याच्या मालकीण. धाकट्यांनी ती बाटली परत केली आणि सांगितलं, "हा खोकला माझा नाही."

पण गाव ज्याच्यासाठी वेडं होतं ते हे खाकरणं नव्हे. गाव वेडं होतं शेवटच्या गाण्यासाठी. घरातून निघालेल्या माणसाला दारात उभं राहून कुणीतरी निरोप देतंय, असं ते गाणं. त्याची शेवटची ओळ अशी: उंबऱ्यावरून वळताना एकदा हसून जा. रेकॉर्डवर थोरले ती सरळ म्हणतात. पण धाकट्यांकडे एक कॅसेट होती. थोरल्यांच्या एका जाहीर मैफलीची, तरुणपणी धाकट्यांना त्यांच्या ताईनं भेट दिलेली. त्या कॅसेटमध्ये थोरले 'एकदा' म्हणतात आणि थांबतात. चांगला एक सेकंद. 'हसून' हा शब्द येतच नाही. मग एकदम 'जा'.

धाकट्यांनी याचा अर्थ लावला होता. रेकॉर्ड दुकानासाठी असते, मैफल माणसांसाठी. मैफलीत थोरले तो शब्द श्रोत्यांवर सोडतात, ज्याचा त्यानं मनात म्हणावा म्हणून. काय माणूस आहे! हे सांगताना धाकट्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्या कार्यक्रमात ते तिथं थांबले तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हळूच 'हसून' म्हणालं. पुढच्या महिन्यात वीस जण म्हणाले. मग सगळं सभागृहच म्हणायला लागलं आणि त्या जागेला लोकांनी नावच पाडलं, धाकट्यांचा थांबा. नवरा-बायको आठ दिवस एकमेकांशी बोलत नसले तरी थांब्याला दोघांचं तोंड एकदम उघडायचं, आणि एकदा उघडलेलं तोंड घरी जाताना बंद ठेवणं अवघड जायचं. मी अतिशयोक्ती करत नाही. अशी दोन घरं मला माहीत आहेत.

धाकटे त्या थांब्याला डोळ्यांत तेल घालून जपत. ड्रमवाल्याची काडी एकदा चुकून त्या सेकंदात वाजली, तर धाकटे आठवडाभर त्याच्याशी नीट बोलले नाहीत. त्यांची लेक शाळेत विज्ञान शिकवते. तिनं एकदा ती कॅसेट कान देऊन ऐकली आणि विचारलं, "बाबा, इथं लोकांची कुजबुजसुद्धा थांबते?"

"श्वास रोखून बसले होते सगळे."

"आणि पंख्याची घरघर? अख्ख्या कॅसेटभर येते, इथं नाही येत."

धाकट्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "थोरले गात होते, बाळा." आणि त्यांनी कॅसेट डब्यात ठेवून दिली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी जिन्याखालून हाक मारली. "काका, बेचाळीस नंबरची मेणाची कवळी लावून बघितली. बसलीय छान, पण 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. पेशंट म्हणतात, ज्यानं केलीय त्याच्यासमोरच बोलून दाखवतो. वर आणू का?"

वर येणाऱ्या कागदावर पेशंटचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. बेचाळीस नंबर म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचा जबडा, वरचे सगळे दात नवे, छटा आठवी. धाकट्यांना एवढंच माहीत होतं. "आणा," ते म्हणाले आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी दाढा घासत बसले.

जिन्यावर काठीचा आवाज झाला. मग एक आवाज आला, "किती पायऱ्या आहेत हो? गच्चीवर दात करता की काय?"

धाकट्यांच्या हातातली दाढ टेबलाखाली गेली. तो आवाज त्यांनी चाळीस वर्षं दिवसातून दोनदा ऐकला होता. त्यात थोडी शिट्टी मिसळली होती एवढंच. ते उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले. दारात बुटके, गोल चेहऱ्याचे, जाड चष्म्याचे एक आजोबा उभे होते आणि भिंतीवरच्या जबड्यांकडे बघून ते खूश झाले होते.

"वा! श्रोते चांगले जमवलेत," थोरले म्हणाले.

थोरले हल्लीच लेकीकडे राहायला आले होते, आमच्याच गावात, पाण्याच्या टाकीमागच्या नव्या इमारतीत. कुणाला पत्ता नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर गाणं सोडलं होतं. कवळी हवी होती ती नातवंडांसाठी, कारण गोष्ट सांगायला लागले की मध्येच शिट्टी वाजायची आणि पोरं राक्षसाला घाबरायचं सोडून लोळून हसायची. त्यांनी धाकट्यांना लगेच 'कारागीर' म्हणायला सुरुवात केली.

"कारागीर, बघा काही जमतं का. म्हातारपणी इंजिन होऊन फिरतोय मी."

धाकटे नमस्कार करायचंही विसरले. पण हात कामाला सरावलेले असतात, ते मालकाची वाट बघत नाहीत. त्यांनी ती नमुन्यापुरती केलेली मेणाची कवळी हातात घेतली, पुढच्या दातांमागे टाळूच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं मेण चढवलं, गुळगुळीत केलं, थंड पाण्यात बुडवलं आणि परत दिली. "आता... आता एखादी ओळ म्हणून बघता? 'स' असलेली."

थोरल्यांनी कवळी बसवली, जबडा दोनदा हलवला, आणि कोण बघतंय न बघतंय याची पर्वा न करता गायले. "उंबऱ्यावरून वळताना एकदा हसून जा."

शिट्टी नाही. स्वच्छ 'स'. आवाज थकलेला, पण तोच. डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यांना खरं तर तिथल्या तिथं रडू यायला हवं होतं, पण त्यांच्या डोक्यात भलतंच काहीतरी अडकलं होतं.

"आपण थांबला नाहीत," ते म्हणाले.

"कुठं?"

"'एकदा'नंतर. मैफलीत आपण 'हसून' म्हणत नाही. श्रोत्यांसाठी सोडता."

थोरल्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "मी? शब्द सोडतो? अहो कारागीर, कवीनं शब्द लिहिले ते म्हणायला. साठ वर्षांत मी एक शब्द गाळलेला नाही. हा असला चावटपणा कोण करतो?"

आता डॉक्टरीणबाईंनी गप्प बसावं की नाही! पण आनंदाच्या भरात माणसाला कुठं भान राहतं? "आमचे काका करतात!" त्या म्हणाल्या. "म्हणजे, काका तुमचीच गाणी गातात. अठ्ठावीस वर्षं! येत्या रविवारी चार वाजता कार्यक्रम आहे. तुमची कवळी शनिवारी तयार होईल, रविवारी घालूनच या."

"अस्सं?" थोरले म्हणाले. त्यांनी धाकट्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "माझा आवाज काढता?"

"काढत नाही," धाकटे कसेबसे म्हणाले. "निघतो."

"येतो मग," थोरले म्हणाले आणि पायऱ्या मोजत खाली गेले.

धाकटे त्या दिवशी अर्ध्या वेळेत घरी आले. हे आजवर एकदाच घडलं होतं, लेक झाली तेव्हा. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी कपाटातून कॅसेट काढली, खिडकीत उजेडाला बसले, भोकात पेन्सिल घातली आणि हळूहळू फीत फिरवायला लागले. बायको औषधाच्या दुकानात कामाला, तिथून ती जेवायला आली होती. तिनं विचारलं, "अहो, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"  तपकिरी फीत सरकत होती. सरकता सरकता एका जागी ती पांढरी झाली. तीन बोटं पांढरी, मग पुन्हा तपकिरी. दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे पिवळे पडलेले तुकडे, अगदी सरळ रेषेत कापलेले.

घरच्यांत इतकं सरळ कापणारं एकच माणूस. ताई आयुष्यभर शिवणकाम करत आली आणि दोन गल्ल्या सोडून राहते. निरोप गेला तशी ती आली, खिडकीतली कॅसेट बघितली आणि मटकन खुर्चीत बसली.

"सापडलं का रे अखेर?" ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. कॅसेट दिल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ताईनं ती चोरून लावली होती, आणि मशीननं तीन बोटं फीत चावून टाकली. धाकटे कामावर गेलेले. ताईनं कात्रीनं खराब तुकडा कापला, फितीच्या सुरुवातीला बिनआवाजाची कोरी पट्टी असते ती बरोबर तेवढीच कापून मध्ये ठिगळ म्हणून लावली. "मापात चूक नव्हती हो माझी," ती धाकट्यांच्या बायकोला म्हणाली, जणू मुद्दा तोच होता. "सांगणार होते मी. पण तू त्यावर जीव टाकायचास. मग तू पहिल्यांदा स्टेजवर तिथं थांबलास, तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, आता सांगते. तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग काय सांगणार?"

"अठ्ठावीस वर्षं!" धाकटे म्हणाले. "ताई, अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगतोय की हे थोरल्यांचं आहे. ते तुझ्या कात्रीचं होतं."

लेक शाळेतून आली तेव्हा तिला सगळं कळलं. ती फक्त "पंखा" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तोंडावर उशी धरून हसली. आपल्या बापाला आत्ता हसू येणार नाही हे कळण्याइतकी ती शहाणी आहे.

धाकट्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांच्याकडे अभिमान बाळगण्यासारखी एकच गोष्ट होती, की आपण खोटं काही गात नाही. आणि रविवारी ज्यांचं गाणं ते स्वतः समोर बसणार होते. थांबलो तर त्यांच्या तोंडावर त्यांचं गाणं चुकवायचं. न थांबलो तर दोनशे माणसांच्या तोंडातून त्यांचा शब्द काढून घ्यायचा. बायकोनं समजूत घातली. "तुमच्या दातांनी लोक जेवतात ना? मग ते दात कुणाचे? जेवणाऱ्याचेच की नाही?"

"दातांचं वेगळं," धाकटे म्हणाले. "ते खोटे आहेत हे आम्ही आधीच सांगतो."

 बायकोनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुकानात जायची वेळ टळून गेली तरी तशीच बसून राहिली.

ठरलं. सरळ म्हणायचं. गुरुवारी, शुक्रवारी पोटमाळ्यावर सराव सुरू झाला. तुम्हाला वाटेल, न थांबण्यात काय अवघड? पण गळ्याला एकदा सवय लागली की तो मालकाला विचारत नाही. 'एकदा' म्हटलं की गळा दारात पाय अडकल्यासारखा उभा राहायचा. धाकटे स्वतःच्या मांडीवर चिमटा काढायचे, टेबलावर मूठ मारायचे. भिंतीवरचे जबडे सगळं बघत होते. शनिवारी त्यांनी वाद्यवृंदाला सांगितलं. ॲकॉर्डियन वाजवणारे निवृत्त पोस्टमास्तर विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"फितीला दोन बाजू असतात," ते म्हणाले. "तेवढाच तुकडा मागच्या बाजूचाही गेला असणार."

"हो."

"मागच्या बाजूला सातवं गाणं. त्यातही आपण मध्येच एक सेकंद गप्प बसतो. मी त्या जागेवर पोरांना भाषण देत आलोय, की शांतता हेसुद्धा संगीत आहे!"

ड्रमवाला इतका हसला की त्याला खुर्ची सोडून जमिनीवर बसावं लागलं. पोस्टमास्तर आधी चिडले, मग त्यांनाही आवरेना. धाकटे तेवढे गंभीर राहिले. त्यांनी बेचाळीस नंबरची कवळी शेवटचा हात फिरवून खाली पाठवली होती आणि आपल्या कारागिरीबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

रविवारी पावणेचारला सभागृह भरलं. तिसऱ्या रांगेत डॉक्टरीणबाईंच्या शेजारी थोरले येऊन बसले. कुणी ओळखलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डवरचा फोटो आणि हे गोल आजोबा यांचा मेळ कोण घालणार? ताई पहिल्या रांगेत, बायको आणि लेकीच्या मध्ये, फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखी. अकरा गाणी पार पडली. सातव्यात वाद्यवृंद गप्प बसला नाही आणि त्यामुळे तिघं तीन ठिकाणी पोचले, पण ते निभावलं. धाकटे एकदाही तिसऱ्या रांगेकडे बघत नव्हते.

बारावं गाणं. कडवी झाली. लोक पुढं सरकून बसले. आया मांडीवरच्या पोरांना कोपरानं ढोसून सांगायला लागल्या, आता हं. धाकट्यांनी श्वास घेतला, मांडीला चिमटा काढला आणि म्हणाले, "उंबऱ्यावरून वळताना एकदा हसून जा."

सरळ. कुठंही न थांबता. आणि त्यांचं 'जा' झाल्यावर सभागृहातून एक प्रचंड, बावचळलेलं 'हसून' आलं.

 सभागृहात इतकी गोंधळलेली शांतता मी कधी ऐकलेली नाही. पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आज घाई आहे का?" त्या हसल्या तेव्हा दिसलेले दात धाकट्यांचेच होते.

धाकट्यांनी पोस्टमास्तरांना हातानं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्टेजवर गाणं सोडून बोलले.  "माफ करा. तो थांबा थोरल्यांचा नाही. मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं सांगितलं. ते माझ्या ताईच्या कात्रीचं काम होतं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मशीननं चावलेली फीत, तीन बोटांचं ठिगळ, पंख्याची घरघर, काही म्हणता काही लपवलं नाही.  मग मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. ताईला कुणीतरी उभं केलं. तिनं तोंडाला पदर लावला होता, पण त्याच्या आड तीही हसतच होती.

"मग ते तुमचंच झालं की!" त्या आजी ओरडल्या. "इतके दिवस उगाच दुसऱ्याच्या नावावर खपवलंत. म्हणा आता."

"ज्यांचं गाणं आहे ते समोर बसलेत," धाकटे म्हणाले. "त्यांनी म्हटलं तर म्हणेन."

दोनशे माना वळल्या. थोरले काठी टेकून सावकाश उठले. तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं की हे कोण, आणि एकेक करत सगळे उभे राहिले. थोरल्यांनी त्यांना हातानं बसवलं.

"मला ते आवडलेलं नाही," थोरले म्हणाले. स्पष्ट, शिट्टी नसलेल्या आवाजात. "शब्द गाळणं मला पटत नाही. पण या लोकांनी आत्ता माझ्या गाण्यात 'हसून' म्हटलं. चुकीच्या जागी म्हटलं, पण सगळ्यांनी म्हटलं. माझ्या मैफलीत असं कधी कुणी म्हटलं नाही. माझे श्रोते शहाण्यासारखे गप्प बसायचे." त्यांनी काठी धाकट्यांकडे रोखली. "म्हणा, कारागीर. बरोबर कसं चुकवायचं ते तरी बघू दे."

धाकटे गायले. 'एकदा' म्हटलं आणि थांबले. दोनशे माणसं एका तोंडानं 'हसून' म्हणाली. त्यात ताई होती, बायको होती, ड्रमवाला होता, आणि तिसऱ्या रांगेतून एक जुना, ओळखीचा आवाज होता. मग धाकटे 'जा' म्हणाले. म्हणताना ते रडत होते आणि त्याची त्यांना बिलकूल लाज वाटत नव्हती.

टाळ्या थांबायच्या आत थोरले डॉक्टरीणबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन स्टेजवर चढायला लागले. अकरा वर्षं ते स्टेजवर गायले नव्हते. "मला बघू द्या," ते म्हणाले. "ॲकॉर्डियनवाले, सूर द्या." ते गायले, "उंबऱ्यावरून वळताना एकदा," आणि थांबले. आणि लगेच, लोकांनी तोंड उघडायच्या आतच, 'जा' म्हणून मोकळे झाले.

"घाई!" आजी म्हणाल्या.

थोरले चपापले. परत म्हटलं. परत आधीच पोचले. साठ वर्षं शब्द न गाळलेल्या माणसाला गप्प कसं राहायचं हे कळेना. लोक टाळ्या पिटून हसत होते आणि थोरले स्वतःही हसत होते, नवे दात सगळ्यांना दिसतील असं.

"अवघड आहे हो तुमचं," ते धाकट्यांना म्हणाले. "किती वेळ धरायचं?"

"आपण माझ्या हाताकडे बघा," धाकटे म्हणाले.

त्यांनी उजवा हात वर धरला. चाळीस वर्षं ज्यांच्या श्वासावर धाकट्यांनी आपला श्वास टाकला होता, ते थोरले 'एकदा' म्हणाले आणि शिष्यासारखे त्या हाताकडे बघत उभे राहिले. सभागृह म्हणालं 'हसून'. हात खाली आला, तेव्हा दोघांनी मिळून 'जा' म्हटलं.